विरेटा पार्क ते पुणे ३०

परवा ५ एप्रिलला ऑफिसातून लवकर निघाले आणि विरेटा पार्क गाठलं. पार्क म्हटल्यावर सारसबागेसारखं काही डोळ्यांपुढे आणू नका. सिॲटलमधल्या लेक वॉशिंग्टनजवळचा हा उतारावरचा छोटासा हिरवा तुकडा. शेजारी मोठी घरं, गवतावर लाकडी बाक. या शेजारच्या घरांपैकी एकात निर्वाणा या रॉक बँडचा गायक कर्ट कोबेन राहायचा. १९९४ साली एप्रिलच्या याच तारखेला, वयाच्या २७ व्या वर्षी, त्यानं तिथंच आयुष्य संपवलं. पार्कात त्याचा पुतळा नाही. लोकांनी बाकालाच स्मारक मानलंय.

बाकाचं लाकूड धड दिसत नाही. मार्करनं लिहिलेलं, पेनानं गिरवलेलं, चाकूच्या टोकानं कोरलेलं, सगळं एकावर एक. स्पॅनिश, जपानी, मला न ओळखता येणाऱ्या आणखी कितीतरी लिप्या. फटींत खोचलेली सुकी फुलं. विशीतली एक मुलगी मेणबत्ती विझू नये म्हणून तिच्याभोवती ओंजळ धरून बसली होती. तो गेला तेव्हा तिचा जन्मही झालेला नसणार.

आणि मला आमचं नारायण पेठेतलं घर आठवलं.

दादा तेव्हा इंजिनिअरिंगला, मी पाचवीत. घरात एकच टेपरेकॉर्डर. सकाळी तो आईच्या भीमसेनजींचा, रात्री दहानंतर दादाचा. मित्राकडून भरून आणलेली नव्वद मिनिटांची कॅसेट होती त्याच्याकडे, एका बाजूला निर्वाणा, दुसऱ्या बाजूला पर्ल जॅम हा दुसरा रॉक बँड. शब्द नीट ऐकू यायचे नाहीत. तो कॅसेट पुन्हा पुन्हा मागं घ्यायचा आणि ऐकू येतील तसे वहीत उतरवायचा. पेपरात आतल्या पानावर ती बातमी आली त्या दिवशी तो जेवायला उठलाच नाही.

"कोण गेलं रे? ओळखीतलं कुणी?" आईनं विचारलं.

"तुला नाही कळायचं, आई."

बाबा चिडले. कोण कुठला गाणारा, त्याच्यापायी अन्नावर राग कशाला! आई मात्र काही बोलली नाही. ताटावर ताट झाकून ठेवलं तिनं. दोनच वर्षांपूर्वी, जानेवारी ९२ मध्ये, कुमारजी गेले तेव्हा ती दिवसभर रेडिओपासून हलली नव्हती आणि पिठलं-भात बाबांनी केला होता. कुमार गंधर्वांशी तिची कुठं ओळख होती? लांब बसून ऐकलेलं, तेवढंच.

त्या आठवड्यात इथं सिॲटल सेंटरच्या आवारात हजारो लोक जमले होते. कर्टच्या पत्नीनं त्याची शेवटची चिठ्ठी वाचलेली ध्वनिफीत तिथं ऐकवली गेली. अनोळखी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडून रडली. दादाला रडायला नारायण पेठेत कुणाचाच गळा नव्हता. भिंतीकडे तोंड करून पडून राहिला तो.

गाणारा आणि ऐकणारा यांचं हे नातं एकतर्फी असतं, असं बरेच जण म्हणतात. मला ते पटत नाही, आणि त्याचं कारण पर्ल जॅम. हा बँडच मुळात दुःखातून उभा राहिला. मदर लव्ह बोन या आधीच्या बँडचा गायक अँड्र्यू वुड १९९० मध्ये गेला. मागे राहिलेल्या साथीदारांपैकी दोघांनी चाली बांधून त्यांची कॅसेट केली. ती फिरत फिरत सॅन दिएगोतल्या एडी व्हेडर नावाच्या मुलाच्या हाती लागली, त्यानं तिच्यावर आपला आवाज भरून कॅसेट परत पाठवली. म्हणजे हेही लोक एकेकाळी कॅसेटला कान लावूनच बसले होते!

टेन क्लब हा त्यांचा चाहत्यांचा क्लब. सभासद जितका जुना, तितकी कार्यक्रमात त्याची जागा पुढे. ते दर नाताळाला सभासदांसाठी वेगळी रेकॉर्ड काढायचे. त्यातल्याच १९९८ च्या रेकॉर्डवर त्यांनी गायलेलं एक जुनं गाणं रेडिओवर वाजू लागलं, श्रोत्यांनी ते उचलून धरलं आणि पुढच्या वर्षी ते अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेलं. त्याचे पैसे बँडनं कोसोवोच्या निर्वासितांना दिले. २००० साली डेन्मार्कच्या रोस्किल्डे महोत्सवात त्यांचं गाणं चालू असताना गर्दीत चेंगरून ९ जण गेले. बँड बंद करायचा विचार त्यांच्या मनात येऊन गेला. ते पुन्हा उभे राहिले, पण त्या नऊ जणांना विसरले नाहीत. ऐकणारा गेला म्हणून गाणाऱ्यानं सुतक पाळावं, याहून जवळचं नातं मला तरी माहीत नाही.

ऑगस्ट २०१८ मध्ये पाच वर्षांनी ते आपल्या गावात, सिॲटलमध्ये, वाजवणार होते, बेघरांसाठी निधी उभारायला. मी बेसबॉलच्या त्या स्टेडियममध्ये होते. शेजारी साठीला आलेले एक गृहस्थ, खिशात छोटी वही आणि पेन्सिलीचा तुकडा. प्रत्येक गाणं सुरू झालं की फोनच्या उजेडात नाव टिपायचे. हा बँड रोज रात्री गाण्यांची यादी बदलतो, त्यामुळे कालचा कार्यक्रम आज पुन्हा मिळत नाही. त्यांच्या वहीत तारीख, गाव, गाणी, आणि एखाद्या ओळीपुढे नुसती फुली. फुली कशाची, विचारलं. "इथं रडलो," म्हणाले.

आईची सवाईची वही अशीच आहे. साल, गायक, राग, आणि कुठं कुठं समासात एवढंच: "पहाट झाली."

बाकावर बसून दादाला व्हिडिओ कॉल लावला. इथं संध्याकाळचे सहा, तिकडे सकाळचे साडेसहा, दादा चहा ओतत होता. बाक दाखवल्यावर कप ठेवून तो नुसता बघत राहिला. मागून आईचा आवाज आला, "कुठं आहे गं ती?"

"आई, मी एकदा जेवलो नव्हतो बघ. तो." दादानं फोन तिच्यापुढे धरला.

आईनं चष्मा वर सरकवून पाहिलं. "फूल नेलंस का?"

नेलं होतं. मार्करही नेला होता. दादाला विचारलं, तुझं काय लिहू? आता पन्नाशीला आलेला माझा भाऊ बराच वेळ गप्प बसला.

"पुणे ३० लिही," म्हणाला. "नाव नको."

हाताच्या टेकणीवर थोडी मोकळी जागा सापडली. तिथं लिहिलं.