काठोकाठ

रविवार. भाऊबीज होऊन तीन दिवस.

पहाटे अण्णांनी मला हाक मारली नाही, ओट्यावर चहाचं पातेलं जरा जोरात ठेवलं. शाळेत असताना असंच उठवायचे. दुर्बीण उशाशीच होती. साडेसहाला धुळ्यातल्या देवपूरच्या घरातून आम्ही दोघं पायी निघालो. आई मागून ओरडली, दुपारी भरीत करतेय, वेळेवर या.

एकवीरा देवीच्या देवळाकडून पांझरेच्या काठाला उतरलो. नदी म्हणजे एक धार, बाजूला वाढलेली झुडपं आणि गावाचं जे काय त्यात येऊन मिसळतं ते. नाकाला रुमाल लावावा लागतो. पण शेकाट्यांना त्याचं काही नाही. लांब गुलाबी काड्यांसारखे पाय त्या पाण्यात रोवून दहा-बाराजण निवांत चरत होते. विजेच्या टॉवरवर दोन काळे शराटी बसले होते. ऊन तिरपं पडलं की त्यांच्या डोक्यावरचा लाल ठिपका पेटल्यासारखा दिसतो. दोन बायका दगडावर धुणं आपटत होत्या आणि त्यांच्यापासून चार हातांवर पांढरा धोबी शेपूट वरखाली करत फिरत होता. हा दरवर्षी थंडीच्या तोंडावर उत्तरेकडून येतो. त्याला धोबी नाव ठेवणाऱ्याने घाटावर बसूनच ठेवलं असणार.

एका तुतवारापाशी मी बराच वेळ अडकले. पाठ तपकिरी, पोट पांढरं, आणि छातीच्या बाजूने ते पांढरं पंखापुढे खांद्याकडे चढलेलं. ही खूण एकदा लक्षात आली की मग चुकत नाही. चिखलाच्या कडेने चार पावलं जायचं, टोचायचं, थांबायचं, पण थांबल्यावरही मागची बाजू हलतीच. आतलं घड्याळ बंद करता येत नसल्यासारखी. मी जवळ सरकू लागले तर अण्णा मागून हळूच म्हणाले, "थांब ना, उडी जाई तो." आणि उडालाच. पंख ताठ, खाली झुकवलेले, पाण्याला टेकतील इतक्या खालून गेला.

हाच पक्षी मी नवी मुंबईत ऐरोलीलाही बघते. तिथे खाडीवर जायचं तर आधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघावं लागतं. ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि पाखरं लांबवर विखुरतात. भरती चढायला लागली की चिखल आकसतो, पाखरं काठाकडे सरकतात. फ्लेमिंगो दाखवणाऱ्या बोटीसुद्धा पाणी बघूनच सोडतात. २०१५ साली ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य झालं, २०२२ मध्ये ती खाडी पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेली. तेव्हापासून रविवारी गर्दी इतकी वाढली की मला चिडचिड होते. (मीही त्या गर्दीतलीच, हे माहीत आहे.) लग्नानंतर समुद्राकडे गेले आणि पक्षी बघायला तिथेच शिकले, म्हणून किनारा म्हटलं की डोक्यात आधी ते वेळापत्रक येतं.

तिथून नकाणे तलावाकडे निघालो. अर्धा रस्ता चाललो, मग अण्णांच्या गुडघ्यांनी रिक्षा थांबवली. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, वेचणी चालू. तारेवर कोतवाल, वेडा राघू आणि एक चाष. बसलेला असताना अगदीच मळकट दिसतो हा, उडाला की पंखातून निळं असं उलगडतं की रिक्षावाल्यानेही मान वळवली. दसऱ्याला दिसला असता तर शकुन झाला असता, मला आठवडे उलटल्यावर दिसला.

एका शेतात पाणी सोडलेलं होतं आणि गायबगळ्यांचा थवा ओलीच्या पुढच्या कडेबरोबर सरकत होता. अण्णांनी पाटबंधारे खात्यात कालव्यांवर उभी नोकरी काढली. ते म्हणाले, बगळे बघूनच कळायचं पाणी कुठल्या वाफ्यापर्यंत पोचलंय. पाणी मातीत शिरलं की भेगांतले किडे, नाकतोडे जीव घेऊन बाहेर येतात आणि बगळे तिथेच उभे असतात. मग अर्थातच फडाची गोष्ट निघाली. पांझरेवर बंधारे घालून पाटाने पाणी वळवायचं, शिवाराचे फड पाडायचे, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं आणि पाणी वाटायला गावानेच पाटकरी नेमायचा. ही पद्धत इथे तीनशे वर्षांहून जुनी. लहानपणी मी ही गोष्ट इतक्यांदा ऐकली की कंटाळा यायचा. आज बगळ्यांमुळे पहिल्यांदा नीट ऐकली.

तलाव काठोकाठ भरलेला होता.

अण्णा बांधावर चढले आणि कमरेवर हात ठेवून बघतच राहिले. बहात्तरचा दुष्काळ दहाव्या वर्षी पाहिलेला माणूस. धुळ्यात नळाला चार-चार, आठ-आठ दिवसांनी पाणी यायचं त्या उन्हाळ्यांत घरातली पिंपं मीही भरली आहेत. भरलेला तलाव बघून त्यांना काय वाटत असेल ते मला कळत होतं. आणि मी? मी चिखल शोधत होते. पाणी थेट बाभळींच्या बुंध्यांपर्यंत चढलेलं, म्हणजे उघडा काठ नाही, म्हणजे तुतवारं नाहीत, चिखले नाहीत. उथळ पाण्यात डोकं बुडवून चरणाऱ्या बदकांनाही इथे फारसं काही नाही. मी तोंड वाकडं केलं. अण्णांनी ते बघितलं. काही बोलले नाहीत, हेच जास्त लागलं.

तेवढ्यात मधोमध काहीतरी पांढरं तरंगताना दिसलं. लाटेबरोबर वरखाली होणारं, पाठ थोडी करडी. कुरव! खाडीवर कुरव (सीगल) ढिगाने, पण इथे? माझा आवाज चढला. अण्णांनी दुर्बीण घेतली, शांतपणे फिरकी फिरवली आणि परत माझ्या हातात दिली.

"थर्माकोल शे तो."

होता. विसर्जनाच्या मखराचा तुकडा असावा, सोनेरी पट्टीसकट. मी बांधावर बसून हसले, अण्णाही हसले, आणि मघाचं ते अवघडलेलं विरघळलं.

नंतर मात्र जे होतं ते नीट बघितलं. खोल पाण्याला घाबरत नाहीत ते वारकरी, टिबुकल्या, पाणकावळे. वारकरी म्हणजे काळाभोर अंग आणि चोचीपासून कपाळावर चढलेला पांढरा टिळा. कार्तिकी याच आठवड्यात असल्याने ती दिंडीच वाटत होती, फक्त आपसात फार भांडणारी. बाभळींच्या सावलीत हळदीकुंकू बदकांची एक जोडी होती. अण्णांना चोच दाखवली, काळी, टोकाला पिवळी, मुळाशी तांबडे ठिपके. ते म्हणाले, हे नाव ठेवणारी बाईच असणार. एक सुरय आला, पाण्यावरून दोन फेऱ्या मारून गेला. यावेळी मी आधी उडू दिला, मग नाव घेतलं.

घरी पोचायला अडीच वाजले. आईने भरीत आणि कळण्याची भाकरी वाढली आणि विचारलं, "पाखरं खाईसन उनात का?" म्हणजे, पाखरं खाऊनच आलात का?

संध्याकाळी अंगणातल्या निंबावर पिंगळ्याची, म्हणजे छोट्या घुबडांची जोडी आली. शेजारच्या काकूंनी हातातलं धुणं टाकून दार लावलं. त्याच्या भाऊबंदाची गोष्ट मी त्यांना सांगणार होते, पण राहिलं. रानपिंगळा १८८४ नंतर खात्रीने कुणाला दिसला नव्हता, संपला असंच धरलं होतं. मग १९९७ च्या नोव्हेंबरात तो आपल्याच शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याला सापडला. एकशे तेरा वर्षं. तोही दिवसाढवळ्या झाडावर बसलेला.

आजची यादी अडतीस. थर्माकोल धरलेला नाही.

झोपताना अण्णा दारात आले. तलावाचा विषय त्यांच्या डोक्यातून गेला नव्हता तर. म्हणाले, आवर्तनं सुटली, म्हणजे शेतीला पाळीपाळीने पाणी सोडलं, की पाणी कसं उतरतं ते मी सांगतो, आधी पलीकडची उथळ बाजू उघडी पडते. मग बोटांवर महिने मोजले.

"फेब्रुवारीमा ये. तवपर्यंत गाळ उघडा पडी जाई."

मी मोबाईलमध्ये रजा बघितली. शिवरात्रीला जोडून दोन दिवस निघतात.