काय गेलं ते सांगता येत नाही

रविवार, रात्री

माझी हार्ड डिस्क बिघडली, त्यावर मंजूने साधाच प्रश्न विचारला. "काय काय गेलं गं?" मी म्हटलं, बरंच. "बरंच म्हणजे?" तिथे माझी गाडी अडली. फोन ठेवला तरी ते डोक्यातून जाईना. एवढा आकांत केला, सगळ्यांची झोप उडवली, आणि नक्की कशासाठी ते मला सांगता येऊ नये?

चोरी झाली तर पंचनामा तरी करता येतो. इथे यादीच गेलीय. हे अलंकारिक नाही, शब्दशः यादी गेलीय. अमेयने समजावलं तेव्हा कळलं की एनटीएफएस पद्धतीच्या, म्हणजे विंडोज सहसा फाइली ठेवतं त्या पद्धतीच्या, डिस्कवर 'मास्टर फाइल टेबल' म्हणून एक भाग असतो. प्रत्येक फाइलचं नाव, तारखा, ती कुठल्या फोल्डरात आहे, तिचे तुकडे डिस्कवर कुठे कुठे पडलेत, सगळ्याची नोंद तिथे. नेमकी तिथली जागा खराब झाली. "पण त्याची प्रत असते," असं तो म्हणाला तेव्हा जिवात जीव आला. मग म्हणाला, प्रतीत सहसा पहिल्या चारच नोंदी असतात, आणि त्या चारही डिस्कच्या स्वतःच्या कामाच्या. म्हणजे डिस्कने स्वतःपुरतं सांभाळून ठेवलं. चांगलंय.

बॅकअपवरून ज्याला जे बोलायचं होतं ते बोलून झालंय. तो विषय आज नको.

सुरुवातीला खडखड नाही, आवाज नाही, काही नाही. ड्राइव्ह उघडायला गेले तर कॉम्प्युटर अगदी नम्रपणे विचारतो, ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करायचीय का? इतकी वर्षं जे त्याच्या पोटात होतं त्याची त्याला ओळखच नाही. अमेय फोनवर ओरडला, "आत्या, कॅन्सल! कशालाच हो म्हणू नकोस!" चेकडिस्क हा विंडोजचा डिस्क तपासणारा प्रोग्रामही चालवू द्यायला तो तयार नव्हता. ते दुरुस्तीच्या नावाखाली डिस्कवर लिहितं, आणि आजारी डिस्कवर काहीही लिहायचं नसतं. आधी तिची जशीच्या तशी नक्कल करायची, आणि पुढचं जे काही बरंवाईट करायचं ते नकलेवर.

ती नक्कल करणारा डीडीरेस्क्यू नावाचा प्रोग्राम मला आवडला. सरळ वाचता येतं ते तो आधी उचलतो. जिथे अडतं तिथे हट्ट धरत नाही, पुढे जातो, आणि मग सवडीने त्या अवघड जागांकडे परत येऊन कडेकडेने खरवडतो. कुठपर्यंत आलो हे एका नकाशाच्या फाइलीत लिहून ठेवतो, म्हणजे मध्येच बंद केलं तरी पुन्हा पहिल्यापासून नको. माणसांनी हे शिकावं असं मी म्हणणार होते, पण अमेय म्हणाला, सारखं त्याच जागी डोकं आपटलं की डिस्क वाचणारं हेड जास्तच खराब होतं म्हणून ते तसं लिहिलंय. बरं.

मग गेलेल्या फाइली शोधणारा प्रोग्राम, फोटोरेक. नाव फोटोचं असलं तरी सगळंच शोधतो. त्याला यादी लागतच नाही. तो डिस्कचा एकेक तुकडा बघत जातो आणि ओळखीची सुरुवात दिसली की थांबतो. जेपीईजी फोटोची सुरुवात ठरलेली असते, पीडीएफची ठरलेली असते, जुन्या वर्ड फाइलचीही. सुरुवात सापडली की पुढचं उचलायचं आणि फोल्डरात टाकायचं. नाव द्यायचं ते 'एफ' आणि पुढे लांबलचक आकडा. मला तो आकडा उगाचच वाटला होता. तो डिस्कवरचा सेक्टर आहे, म्हणजे फाइल जिथे सापडली तो पत्ता.

अशा पत्त्यांचे ढीग आलेत. हजारोंनी. अर्ध्याच्या वर तर मी ठेवलेलंच नव्हतं. कुठल्या कुठल्या वेबसाइटींची चिन्हं, बाण, नखाएवढी चित्रं, ब्राउझरने आपलं आपण साठवलेली. कॅमेऱ्यातल्या फोटोंच्या आत तारीख असते, ते तरी ओळीने लावता येतात. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोंत ती गाळलेली असते, त्यामुळे कोणाचं बारसं कधीचं याला काही धरबंध नाही. काही फोटो वरून ठीक आणि कमरेखाली करडे. एकात नानांचं डोकं आहे, चष्मा आहे, हसणं सुरू झालंय, आणि पुढे सपाट करडा रंग. पूर्ण फोटो कुणाकडे असेल तर... जाऊ दे.

एका क्षणी तर रडायलाच आलं. पीएच.डी.च्या वेळची टिपणं उघडली तर पानभर निरर्थक रोमन अक्षरं आणि चिन्हं. म्हटलं, हेही गेलं. अमेयने बघितलं आणि म्हणाला, फाइल ठणठणीत आहे, तू कुठल्या फाँटमध्ये टाइप केलं होतंस? युनिकोडच्या आधीचा फाँट! तो टाकला आणि समोर माझंच मराठी, ऱ्हस्वदीर्घाच्या चुकांसकट.

पण मंजूचा प्रश्न. काय गेलं?

एक गोष्ट गेलीय हे आता खात्रीने माहीत आहे, आणि तीच मंजूला सांगावीशी वाटली नाही. मी नोटपॅडमध्ये रोज दोन ओळी लिहायचे. दोनच. पाऊस, कोण आलं, कशावरून हसलो. फार छोट्या फाइली. एनटीएफएसमध्ये नोंदीची जागा साधारण एक हजार चोवीस बाइटांची, आणि फाइल तेवढ्यात मावण्याइतकी लहान असली की तिला डिस्कवर वेगळी जागा दिलीच जात नाही, मजकूर नोंदीतच राहतो. देवनागरीचं एकेक चिन्ह युटीएफ-८ या मजकूर साठवायच्या पद्धतीत तीन बाइट खातं, तरी माझ्या दोन ओळी त्यात आरामात बसत असणार. म्हणजे त्या यादीतच राहत होत्या, आणि यादीबरोबर गेल्या. असत्या तरी काय, साध्या मजकुराला ठरलेली सुरुवात नसते, शोधणाऱ्याला नुसता अंदाज बांधावा लागतो.

आणि लांबलचक ते राहिलं. लांबलचक काय, तर वहिनींना लिहिलेली पत्रं. न पाठवलेली. पानंच्या पानं. ती मी डिलीट केली होती, मला लख्ख आठवतंय, रिसायकल बिनही रिकामं केलं होतं. पण डिलीट म्हणजे यादीत फक्त 'ही जागा आता मोकळी' अशी खूण. मजकूर जागच्या जागी, वर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. आणि तिथे कुणी काही लिहिलंच नाही.

चार पत्रं आहेत, एकाच गोष्टीची. एकात मी "तुम्ही" म्हणतेय आणि कायदेशीर नोटीस द्यावी तशी भाषा आहे. एक निम्मं रडगाणं. एकात चक्क माफी मागितलीय, कशाबद्दल ते आता मलाच उमगत नाही. आणि एकावर तारीख नाही, सही नाही. कुणावरच तारीख नाही. मला हे कळायला हवंय की कुठलं आधी लिहिलं. माझा राग चढत गेला की उतरत गेला? इतके दिवस मी स्वतःला सांगत आलेय की उतरला, म्हणून पाठवलं नाही. पण माफीचं पत्र पहिलं असेल तर? आधी मऊ होते आणि मग एकेक करून कडक होत गेले, असं असेल तर? सेक्टरच्या आकड्यावरून लावून बघितलं. अमेय म्हणाला, त्याला अर्थ नाही, रिकामी जागा जिथे मिळेल तिथे लिहिलं जातं, आधीचं पुढे नि नंतरचं मागे असू शकतं.

मी त्याला वाचू दिली नाहीत. त्याने विचारलंही नाही. शहाणा आहे.

पावसाच्या दोन ओळी जाव्यात आणि भांडण अख्खं राहावं. काय ही निवड! पण निवड कुणी केलेलीच नाही, तोच तर राग. कुणी केली असती तर भांडता तरी आलं असतं.

चिडून झाल्यावर मग हसू आलं. वहिनी परवाच येऊन गेल्या, जाताना माझीच छत्री घेऊन गेल्या, आणि मी इथे आमच्या भांडणाचा कालक्रम लावतेय.

नवीन लॅपटॉपमध्ये एसएसडी आहे, म्हणजे चिपवर साठवणारी डिस्क. तिथे डिलीट केलेल्या जागा कॉम्प्युटर डिस्कला कळवतो, त्याला ट्रिम म्हणतात, आणि डिस्क त्या मागाहून पुसून टाकते. तिथून सहसा परत काही येत नाही. पत्रं अजून पेनड्राइव्हवरच आहेत. कुठे ठेवायची ते ठरत नाही, आज ठरवतही नाही.

संध्याकाळभर ढिगातल्या फाइलींना नावं देत बसले. सुरुवातीला उत्साहाने, 'गच्चीवरचा फोटो', 'दादाचा दाखला' वगैरे. तासाभराने 'काहीतरी १', 'काहीतरी २', 'हे काय आहे' आणि 'हे काय आहे नवीन'. अमेय मागे उभा राहून बघत होता. म्हणाला, "आत्या, आधीचीच नावं बरी होती. निदान पत्ता तरी होता."