कार ९८के चा दस्ता नक्की कुठल्या रायफलचा? माझा अनुभव

मी अमेरिकेत राहतो, ओहायोत. इथे ५० वर्षांपेक्षा जुन्या हत्यारांसाठी 'क्युरिओ अँड रेलिक' नावाचं वेगळं लायसन्स मिळतं, त्याच्यावर मी एक कार ९८के घेतली, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली जर्मन सैन्याची रायफल. (घरी बंदूक ठेवतोस, बायको काही बोलत नाही का, असं पुण्यातले मित्र विचारतात. बोलते.)

लोखंडावरचं वाचणं तसं सोपं होतं. रिसीव्हरवर (नळीच्या मागचा लोखंडी भाग, ज्यात बोल्ट सरकतो) 'सीई ४३', म्हणजे झूल गावातली झाउअर कंपनी, १९४३ साल. तिथेच 'बीवायएफ' असतं तर ओबर्नडॉर्फची माउझर. रिसीव्हरच्या डाव्या बाजूला एक एक्स मारलेला, म्हणजे ही रशियन सैन्याने पकडलेली, आणि त्यांच्या डेपोत अशा रायफली खोलायचे, साफ करायचे आणि हाताला येईल तो पार्ट लावून परत बांधून ठेवून द्यायचे. त्यामुळे माझा खरा प्रश्न लाकडाचा होता, हा दस्ता हिचाच की दुसऱ्या कुठल्या रायफलचा?

लाकूड लॅमिनेटेड होतं, पातळ थर चिकटवलेलं. सुरुवातीच्या रायफलींना अक्रोडाचं सलग लाकूड असायचं, युद्ध सुरू व्हायच्या थोडं आधीपासून हे लॅमिनेटेड यायला लागलं. त्यावर रशियनांचं लालसर शेलॅक, म्हणजे लाखेचं पॉलिश, जाड बसलेलं, वरच्या दिव्यात बघितलं तर काहीच दिसेना, नुसत्या थरांच्या रेघा. मग खोलीत अंधार केला, टॉर्च लाकडाला अगदी लावून आडवी धरली आणि हळूहळू फिरवली तेव्हा उजव्या बाजूला एक बारका गरुड सापडला आणि त्याच्याखाली वा.आ. १३५. हा वाफेनआम्टचा, म्हणजे सैन्याच्या माल तपासणाऱ्या खात्याचा शिक्का, आणि १३५ नंबर ओबर्नडॉर्फचा. झाउअरवर त्या काळात ३५९ बघायला मिळतो. म्हणजे संशय खरा निघत होता.

पण नुसत्या या नंबरवर निकाल लावू नये असं माझं मत आहे, कारण नंबर तपासणाऱ्या टीमचा, कारखान्याचा नाही. ६३ नंबर आधी ओबर्नडॉर्फला दिसतो आणि नंतर चेक मधल्या ब्रनोच्या मालावर दिसतो, त्यामुळे सोबत साल आणि कारखान्याचा कोड (सीई, बीवायएफ असा) नसेल तर ६३ वरून काहीच ठरत नाही. याशिवाय मोठे गरुड असतात, खाली एच असेल तर पायदळ-बिळदळ सगळं भूदल, एल असेल तर हवाईदल, एम म्हणजे नौदल. एल आणि एम ला भाव जास्त मिळतो, म्हणूनच नकली तेच जास्त मारतात. इथल्या एका गन शोमध्ये एकाने मला एल वाला दस्ता दाखवला होता, शिक्क्याच्या तळाशी लाकूड ताजं, फिकट, आणि आजूबाजूचं सगळं काळपट. जुना शिक्का असता तर लाकडाचे तंतू दबलेले आणि खड्ड्यात मळ किंवा शेलॅक भरलेलं दिसलं असतं. मी हसून पुढे गेलो.

दस्त्यात जी लोखंडी चकती दिसते तिच्यावरून पण गोंधळ होतो. पहिल्या महायुद्धातल्या गेवेर ९८ रायफलला तिथे युनिट लिहिलेलं असायचं, रेजिमेंट, कंपनी, हत्याराचा नंबर. ९८के वरची चकती बोल्ट (गोळी आत ढकलणारा सरकता दांडा) खोलायला आहे, तिच्या भोकात फायरिंग पिनचं टोक अडकवून स्प्रिंग दाबायची. तिथे युनिट शोधत बसू नका.

खरं उत्तर आतमध्ये असतं. बोल्ट बाहेर काढला, नळी आणि लाकूड एकत्र धरणारे बॅंड सरकवले, खालचे दोन स्क्रू सोडवले आणि नळी अलगद उचलली. नळी बसते त्या खोबणीत सीरियल नंबर मारलेला होता, आणि तो रिसीव्हरशी जुळत नव्हता, अक्षर सुद्धा वेगळं. ते अक्षर फार महत्त्वाचं, कारण नंबर दर वर्षी पहिल्यापासून सुरू व्हायचे आणि दहा हजारच्या आसपास गेले की पुढचं अक्षर लागायचं, म्हणजे तोच चार आकडी नंबर एकाच वर्षात एकाच कारखान्याच्या बऱ्याच रायफलींवर असू शकतो. वरच्या लाकडी पट्टीच्या आत बघितलं तर तिथे तिसराच नंबर! तिघं तीन गावचे.

बटप्लेट (दस्त्याच्या मागच्या टोकाची लोखंडी पट्टी) आणि लाकूड मात्र एका लेव्हलला होतं, कडा धारदार, म्हणजे कोणी घासलेलं नाही. घासलेलं लाकूड लोखंडापेक्षा खाली जातं, आणि मग शिक्के पण गेलेच. शेलॅक अल्कोहोलने निघतं हे मला माहीत आहे, काही जण काढतात पण, मी काढलं नाही, तो रशियन डेपोचा पुरावा आहे आणि त्याखालचा १३५ तसाही टॉर्चने दिसतोच. फोटो काढले, तिन्ही नंबर वहीत लिहिले, परत बांधली. आता कोणाकडे ओबर्नडॉर्फची 'बीवायएफ' असेल आणि तिच्यात झाउअरचा दस्ता असेल तर अदलाबदलीचं बोलू.