तुम्ही विचारलंत म्हणून: त्या चिखलात काय आहे?

नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला आमच्याकडे पुण्याहून कुणीही आलं की हा प्रश्न येतोच: भिगवणचे रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघितलेत तुम्ही, मग या काळ्या चिखलात दर महिन्याला काय बघायला जाता?

हा चिखल म्हणजे दे ख्रोटे पेल, ब्राबांट आणि लिम्बुर्ख प्रांतांच्या सीमेवरचं राष्ट्रीय उद्यान. इथे पायाखाली माती नाही, पीट आहे. आम्लधर्मी पाण्यात स्फॅग्नम शेवाळ मरतं, पण पुरतं कुजत नाही. त्याचे थर साचत जातात, वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर. मीटरभर पीट म्हणजे हजार वर्षं! लोकांनी ते खणून, वाळवून चुलीत जाळलं. १९१० साली पेल या दलदलीच्या भागात असंच खणताना रोमन घोडेस्वाराचं सोन्याचा मुलामा दिलेलं शिरस्त्राण सापडलं, ते आता लायडनच्या संग्रहालयात आहे. खणलेले खड्डे पुढे पाण्याने भरले आणि त्यांच्यावर पक्षी आले.

मार्चअखेर ब्लूथ्रोट येतो. उजनीच्या काठी, लव्हाळ्यात गुपचूप किडे टिपणारा हा पक्षी मी कित्येक हिवाळे पाहिला होता. तो गातो, हे मला माहीतच नव्हतं. आपल्याकडे येणाऱ्या नराच्या निळ्या गळ्यावर तांबडा ठिपका असतो, इथल्याच्या पांढरा. पहिल्यांदा तो बर्चच्या फांदीवर बसून, दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला सुरांत मिसळत गायला लागला, तेव्हा मी फळ्यांच्या वाटेवर तसाच उभा राहिलो. डोळे भरून आले होते.

जूनमध्ये रात्री साडेदहाला कुठे अंधारतं, मग कोरड्या कडेवरून रातवा पक्ष्याची एकसुरी घरघर सुरू होते. थंडीत गोठलेल्या गवतावरून भोवत्या हा शिकारी पक्षी तरंगत जातो.

पण माझा महिना ऑक्टोबर. उत्तरेकडून दक्षिणेला निघालेले क्रौंच इथे रात्रीपुरते उतरतात. दिसायच्या आधी ऐकू येतात, दूरवरून, तुतारीसारखे. मग राखी रांगा, लांबलेल्या माना, लोंबते पाय. कोल्ह्याला पोचता येऊ नये म्हणून ते उथळ पाण्यात उभे राहून झोपतात. पाणी आटलं तर ही जागा त्यांच्या कामाची उरत नाही.

आणि पाणी हीच इथली काळजी. ही दलदल पावसावर जगते. भोवतालच्या शेतांचे चर भूजल ओढून नेतात, गोठ्यांमधला नायट्रोजन हवेतून येऊन पडतो आणि शेवाळाच्या जागी उंच गवत माजतं. २०२०च्या एप्रिलमध्ये शेजारच्या डर्नसे पेलला आग लागली. वरच्या ज्वाळा विझल्या तरी पीट आतून धुमसत राहिलं. आता बांध घालून पाणी अडवतात. हिवाळ्यात आम्ही काही जण बर्चची रोपं कापायला जातो, कारण ती झाडंही पाणी शोषून घेतात.

पुढच्या वेळी ऑक्टोबरच्या शेवटी या. सूर्य मावळायच्या तासभर आधी कडेच्या रस्त्यावर पोचू. जाड मोजे घाला, आणि गाडीचं दार हळू लावा.