रेव्हलस्टोकचा खोल बर्फ, टर्बो स्लेड आणि क्लचपायी गेलेले तीन दिवस

फेब्रुवारीत कॅनडातल्या डोंगरात स्लेड (स्नोमोबिल, म्हणजे बर्फावर पट्ट्याने चालणारी गाडी) चालवायला जायचं एकदाचं जमलं. कॅलगरीहून रेव्हलस्टोक साधारण 400 किमी, पण मागे ट्रेलर आणि मधे रॉजर्स पासचा घाट, त्यामुळे पाच तास धरूनच चला आणि निघायच्या आधी रस्ता चालू आहे ना ते बघा, तिथे साचलेला बर्फ मुद्दाम पाडायला हायवे अधूनमधून बंद ठेवतात. विंटर टायर कंपल्सरी.

आमचं ठिकाण बोल्डर माउंटन. स्लेड 850 सीसीची फॅक्टरी टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जास्त हवा ढकलणारा टर्बो कंपनीनेच बसवलेला), 165 इंची ट्रॅक म्हणजे खालचा पट्टा, त्यावर 3 इंची लग म्हणजे बर्फ पकडणारे दाते. आणि हे सगळं लिहितोय ते क्लचसाठी, कारण पहिला अख्खा दिवस मी चुकीच्या जागी हात घालत होतो.

ज्यांनी पुण्यात किंवा कुठेही ॲक्टिव्हाचं व्हेरिएटर उघडलेलं बघितलंय त्यांना हे लगेच कळेल. तत्त्व तेच, तिथे रोलर असतात, इथे पुढच्या म्हणजे प्रायमरी क्लचमधे फ्लायवेट (फिरताना बाहेर फेकली जाणारी छोटी वजनं). वेट जड केले की आरपीएम खाली, हलके केले की वर. मागच्या सेकंडरीत स्प्रिंग आणि हेलिक्स (तिरके उतार कापलेला धातूचा भाग), लोड आला की बेल्ट परत लो गिअरकडे आणायचं काम त्यांचं, याला बॅकशिफ्ट म्हणतात. साध्या इंजिनची पॉवर दर 300 मीटरला अंदाजे 3 टक्के पडते म्हणून उंचावर वेट हलके करतात. टर्बो ती पॉवर बरीचशी भरून काढतो, त्यामुळे बिनटर्बोवाल्या मित्राचा वेटचा तक्ता आपल्याला चालत नाही.

पहिल्या दिवशी ट्रेलवर, म्हणजे दाबलेल्या बर्फाच्या वाटेवर, आरपीएमचं गेज 8200 दाखवत होतं, मॅन्युअलमधे जवळपास तेवढाच आकडा, मी खूश. वर कंबरभर ताज्या बर्फात शिरलो आणि आरपीएम थेट 7700. त्याहून वाईट म्हणजे झाडांमधे थ्रॉटल सोडून परत दाबला की स्लेड दोन सेकंद नुसती बसायची, मग बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब) यायचा, तोवर ट्रॅकने खड्डा खणलेला असायचा. मला वाटलं वेट जड झालेत, म्हणून तिथेच 2-2 ग्रॅम काढले. झालं काय, ट्रेलवर 8400च्या वर पळायला लागली आणि बर्फात रडगाणं तेच!

रात्री मोटेलच्या टेबलावर सगळं उघडलं. क्लचचं किट एका दुकानातून सेट केलेलं आणलं होतं, छोट्या ग्रॅमच्या काट्यावर (सोनाराकडे असतो तसला) तिन्ही वेट मोजले तर एक अर्ध्या ग्रॅमने जास्त. ते सारखे करून काढलेले 2 ग्रॅम परत घातले. खरा दोष सेकंडरीत होता, हेलिक्सचा कोन फार उभा आणि स्प्रिंग मऊ, त्यामुळे लोड आला तरी बेल्ट मागे यायला तयार नाही, इंजिन दबलं की एक्झॉस्ट कमी, एक्झॉस्ट कमी की बूस्ट कमी, आणि टर्बोवाल्याला हे दुप्पट भोवतं. किटमधला कमी कोनाचा हेलिक्स आणि कडक स्प्रिंग टाकली. दुसऱ्या दिवशी त्याच उतारावर, त्याच खोलीच्या बर्फात 8150, आणि थ्रॉटल सोडून दाबला की लगेच उचल.

म्हणून सांगतो, फुल थ्रॉटलला लांब चढावर आरपीएम चुकतोय तर प्रायमरीकडे बघा, सोडून दाबल्यावर झोपतेय तर सेकंडरीकडे. एका वेळी एकच गोष्ट बदला, वहीत लिहा, आणि टेस्ट खोल बर्फातच करा, ट्रेलवरचा आकडा फसवतो. प्रायमरीच्या चकतीवर मार्करने मधून कडेपर्यंत रेघा मारा, बेल्ट जिथपर्यंत चढतो तिथपर्यंत रेघ पुसली जाते, माझी पहिल्या दिवशी अर्ध्यातच थांबली होती म्हणजे बेल्ट पूर्ण वर जातच नव्हता. लांब चढानंतर इंजिन बंद करून चकतीला हात लावा, तळवा क्षणभरही टेकवत नसेल तर क्लच तापतोय, बेल्ट टिकणार नाही. आयडलला स्लेड आपोआप सरकत असेल तर बेल्ट फार टाइट आहे. क्लचवर तेल-ग्रीस अजिबात नको.

झाकण उघडायला थांबाल ते उताराच्या पायथ्याशी कधीच नाही, मोकळ्या सपाटीवर. सकाळी ॲव्हलांच कॅनडाचं बुलेटिन (हिमस्खलनाच्या धोक्याचा अंदाज) वाचूनच निघा, ट्रान्सीव्हर (गाडलेल्याला शोधायचं सिग्नल यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं प्रत्येकाच्या अंगावर किंवा पाठीवरच्या बॅगेत हवं, स्लेडला बांधलेलं नाही, आणि चढावर एका वेळी एकानेच जायचं, बाकीच्यांनी बाजूला थांबून बघायचं.

जास्तीचा बेल्ट आधी थोडा वापरून, रुळवून ठेवलेला घ्या. तिसऱ्या दिवशी दुपारी माझा जुना तुटला, पहिल्या दिवशी जो भाजला होता तोच, आणि रुळलेला दुसरा जवळ होता म्हणून दहा मिनिटांत परत वर निघालो.