लिमोनीनचा पीईसीडी (फोटोइलेक्ट्रॉन सर्क्युलर डायक्रोइझम) डेटा काढताना: माझा अनुभव
नागपूरच्या माणसाला संत्र्याबद्दल काय सांगायचं, पण सालीच्या तेलात बहुतेक लिमोनीनच असतं आणि तेही मुख्यतः एकाच हाताचं, म्हणजे उजवं (या रेणूची दोन रूपं असतात, डाव्या-उजव्या हातासारखी एकमेकांची आरशातली प्रतिमा). माझ्या प्रोजेक्टला नेमका तोच रेणू मिळाला याचा मला खूप आनंद झाला. मोजणी परदेशातल्या सिंक्रोट्रॉनवर (वेगवान इलेक्ट्रॉनपासून तीव्र प्रकाश देणारं मोठं यंत्र) झाली होती, सरांच्या ओळखीच्या ग्रुपकडून डेटा आला आणि तो सोडवायचं काम मी धरमपेठेतल्या रूमवर बसून केलं, मे महिन्यात, कूलर लावून.

नेहमीच्या सर्क्युलर डायक्रोइझममध्ये डावा आणि उजवा वर्तुळाकार प्रकाश (ज्याचं विद्युतक्षेत्र डावीकडे किंवा उजवीकडे गोल फिरतं) किती कमीजास्त शोषला जातो ते बघतात, पण तो फरक साधारण टक्क्याच्या दहाव्या भागापेक्षाही कमी असतो. एक्सयूव्ही (अतिशय जास्त ऊर्जेचा अतिनील) प्रकाश मात्र इलेक्ट्रॉन थेट बाहेर काढतो, मग तो इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या दिशेने जास्त गेला की उलट दिशेने हे मोजायचं, यालाच पीईसीडी म्हणतात, आणि इथे फरक काही टक्के निघतो, कधी दहाच्याही वर. रिची या शास्त्रज्ञाने 1976 मध्ये हे गणितातून सांगितलं, पहिलं मोजमाप 2001 मध्ये ब्रोमोकॅम्फर या अशाच डाव्या-उजव्या रूपांच्या रेणूवर झालं. वायूतले रेणू कसेही वळलेले असतात तरी फरक पुसला जात नाही, हे मला अजूनही थक्क करतं.

बाहेर पडलेले इलेक्ट्रॉन डिटेक्टरवर कुठे आदळले याची इमेज मिळते; डाव्या प्रकाशाच्या इमेजमधून उजव्याची वजा केली की एक बाजू लाल, एक निळी, फार छान दिसतं, पण लगेच विश्वास ठेवायचा नाही. दोन इमेजचं सेंटर अर्धा पिक्सेल सरकलं तरी खोटा फरक तयार होतो. म्हणून आधी बॅकग्राउंड काढायचं, मग प्रत्येक इमेज तिच्या एकूण काउंटने भागायची. डिटेक्टरचा एखादा भाग मंद असला तरी काळजी नाही, तो दोन्ही वेळी तेवढाच मंद, म्हणून फरकाला बेरजेने भागलं की निघून जातो. सगळ्यात जास्त वेळ एबल इन्व्हर्जनने (सपाट इमेजवरून इलेक्ट्रॉनांचं मूळ त्रिमितीय वितरण काढायचं गणित) खाल्ला, कारण त्यात नॉइज मधल्या रेषेवर, म्हणजे प्रकाशाच्या दिशेच्या रेषेवर, साचतो आणि पुढे-मागेचा सिग्नल नेमका तिथेच सगळ्यात मोठा असतो! शेवटी थेट लेजांद्र पॉलिनोमियल (कोनानुसार बदल मांडणारी गणिती सूत्रं) फिट केले आणि पहिला गुणांक घेतला, तोच पुढे-मागेचा फरक सांगतो.

मग डाव्या लिमोनीनचा डेटा त्याच कोडमधून काढला. चिन्ह बरोबर उलटं आलं, आकडा थोडा कमी. त्या सॅम्पलमध्ये थोडं उजवं रूपही मिसळलेलं होतं, म्हणजे हाताची शुद्धता कमी होती, तिने भागलं तेव्हा दोन्ही वक्र एररबारच्या आत एकमेकांचे आरशातले निघाले. ते प्लॉट मी त्याच रात्री सरांना पाठवले.