‘करून टाक’ म्हणालो होतो

कर्वे रोडवरच्या एका खासगी संस्थेत मी गेम मॉडिंग, म्हणजे तयार गेमच्या पायावर आपला बदललेला गेम (मॉड) बनवणं, शिकवतो. फेब्रुवारी 2025 मधली ही गोष्ट अजून डोक्यातून जात नाही.

एका विद्यार्थिनीनं तिच्या मॉडसाठी शनिवारवाड्याचा मल्टिप्लेयर मॅप, म्हणजे अनेकांनी एकत्र खेळायची जागा, केला होता. मॅप बनवायच्या हॅमर एडिटरमध्ये 16 युनिट म्हणजे एक फूट. दिल्ली दरवाज्यावरचे फूटभर लांब खिळे तिनं बरोबर 16 युनिटचे घेतले आणि प्रत्येक खिळा डिटेल ब्रश केला, म्हणजे काय कुठून दिसतं या हिशेबात न धरला जाणारा ठोकळा. साधे ब्रश ठेवले असते तर मॅप गेमसाठी तयार करणाऱ्या कंपायलरनं खिळ्याखिळ्याभोवती जागेचे तुकडे पाडले असते, आणि कुठल्या तुकड्यातून कुठला दिसतो हे मोजण्यातच रात्र गेली असती. हे मी शिकवलेलं नव्हतं, तिचं तिनं शोधलं.

डेमोच्या दोन दिवस आधी तिनं विचारलं, “सर, सोर्स एसडीके बेसचं अपडेट आलंय, करू का?” आमचे मॉड ज्या पायावर चालतात तो हा, व्हॉल्व्ह कंपनीच्या सोर्स इंजिनाचा. मी दुसऱ्या कामात होतो. “करून टाक.” कसलं अपडेट, हे विचारलंही नाही. व्हॉल्व्हनं त्याच आठवड्यात आपल्या टीम फोर्ट्रेस 2 या गेमचा कोड एसडीकेत (मॉड बनवायच्या साधनसंचात) खुला केला होता आणि इंजिन 64 बिटवर नेलं होतं. आमच्या डीएलएल, म्हणजे मॉडच्या कोडच्या तयार फायली, 32 बिटच्या. दोन्ही एका प्रोसेसमध्ये नांदूच शकत नाहीत.

डेमोच्या सकाळी पडद्यावर एकच ओळ: ‘कुड नॉट लोड लायब्ररी क्लायंट’. पोरगी रडली नाही, फक्त हात मांडीवर ठेवून बसली.

गेम उतरवायच्या स्टीम ॲपमध्ये ‘बेटा’ या इतर आवृत्त्यांच्या यादीतून एसडीके बेसची 2021 ची जुनी आवृत्ती निवडली, पण लॅबच्या नेटवर डाउनलोड सरकेना. संगणक प्रयोगशाळा म्हणवणाऱ्या जागेत नेटची ही अवस्था, याची लाज कुणालाच वाटत नाही. शेवटी कोपऱ्यातलं महिनाभर बंद असलेलं मशीन आठवलं. अपडेट होऊ नये म्हणून नेटची वायर काढूनच ते चालू केलं, जुनं एसडीके तसंच होतं. तिचा मॉडचा फोल्डर सोर्समॉड्स या मॉड ठेवायच्या जागी टाकला आणि दरवाजा उघडला. परीक्षकांनी खिळे जवळ जाऊन पाहिले.

जाताना ती म्हणाली, “सर, पण कायम जुन्यावरच राहायचं का?”

म्हणून आता रोज संध्याकाळी दोघं बसतो. नवा कोड, तो बांधायला व्हिज्युअल स्टुडिओ 2022, आणि तिच्या जुन्या फायलींत पॉइंटर (मेमरीतला पत्ता) थेट इंटमध्ये (32 बिटच्या आकड्यात) कोंबलेल्या जागा शोधणं. 32 बिटवर ते खपून जायचं, 64 वर अर्धा पत्ता कापला जातो. काल रात्री सर्व्हर उभा राहिला. क्लायंट, म्हणजे खेळाडूच्या मशीनवरचा भाग, अजून स्कोअरबोर्ड उघडला की पडतो.